ॲप-आधारित फिरते कामगार

ॲप-आधारित फिरते कामगार म्हणजे मोबाइलमधील ॲपवरून काम मिळवून ते ठिकठिकाणी जाऊन पूर्ण करणारे कामगार होत. घरपोच जेवण वा किराणा पोहोचवणारे, टॅक्सी-रिक्षाचालक, घरी येऊन दुरुस्ती करणारे कारागीर यांचा त्यांत समावेश होतो.

मुंबईत अंधेरी-कुर्ला रस्त्यावरील साकीनाका येथे हे काम जवळून पाहता येते. दाट वस्ती, छोटे कारखाने आणि मरोळ-पवईकडील कार्यालये लगत असल्याने ऑर्डरी सतत येतात. ऑर्डर कोणास द्यावी, हे जीपीएसवरून कळणारे ठिकाण पाहून संगणकप्रणाली ठरवते, मुकादम नसतो. दुचाकी, पेट्रोल, फोन व इंटरनेटचा खर्च सामान्यतः कामगाराचाच असतो. ऑर्डरची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचा मोबदला बहुधा मिळत नाही. वाहतूककोंडीमुळे किंवा पावसाचे पाणी साचल्याने उशीर झाला, तरी ग्राहकाने दिलेले कमी रेटिंग त्याच्याच नावावर पडते. रेटिंग फार घसरल्यास आयडी बंद होऊन रोजगार थांबू शकतो. कंपन्या त्यांना ‘भागीदार’ म्हणतात. शब्द मानाचा असला, तरी दर ठरवण्यात या भागीदाराचा वाटा नसतो.

नीती आयोगाच्या २०२२ मधील अहवालानुसार देशात २०२०-२१ मध्ये सुमारे ७७ लाख गिग कामगार होते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये त्यांची प्रथमच व्याख्या झाली. मात्र ती त्यांना पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेर ठेवते. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याणनिधीस द्यावी, अशी तरतूद तीत आहे.