शिवणयंत्राची पारख

वसई-विरारकडील एखाद्या घरीं आजीच्या वेळचें काळें शिवणयंत्र माळ्यावरून उतरतें, तेव्हां प्रश्न पडतो : हें दुरुस्त करावें, कीं नवें घ्यावें? उत्तर या यंत्राच्या इतिहासांतच आहे.

एलिअस हौ याला १८४६ सालीं दोन धाग्यांच्या टांक्याचें पेटंट मिळालें. आयझॅक सिंगरनें १८५१ सालीं आपल्या सुधारणांचें घेतलें. १८६७ सालीं विरारहून मुंबईस आगगाडी सुरू झाली आणि मुंबई बंदरांतील विलायती माल या किनाऱ्यास जवळ आला. सिंगर कंपनीनें १८८५ सालीं स्कॉटलंडांत क्लाइडबँक येथें कारखाना उघडला. एका यंत्राचा भाग दुसऱ्यास बसावा, ही तिची दृष्टि. म्हणून झिजलेला भाग बदलला कीं यंत्र पुन्हां चाले. यंत्रयुगाचे टीकाकार गांधीजी. पण १९२४ सालीं त्यांनींही शिवणयंत्रास अपवाद मानलें. पुढच्या दशकांत कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगनें 'उषा' काढलें.

तेव्हां वय पाहूं नये, सुटे भाग पाहावे. चाक हातानें अडखळल्याविना फिरावें. दुहेरी कापडावर टांका दोन्हीं बाजूंस सारखा पडावा. लांबट धोट्याच्या जुन्या यंत्रास बॉबिन मिळतें कीं नाहीं, हें आधीं विचारावें. मिळत असेल, तर आजीचें यंत्र नातीसही पुरेल.