लक्कम्मेचे माप

बीदरहून औरादकडे जाणाऱ्या वाटेवर संतपूर हे गाव लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि तोवर हैदराबाद राज्यात असलेला हा मुलूख म्हैसूरकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे गेला. सरहद्द आखली गेली. पण शेतातली तूर, तव्यावरची ज्वारीची भाकरी आणि बोलण्यातली मराठी-कानडीची सरमिसळ होती तशीच राहिली. आभाळाकडे डोळे लावून पेरणी करणाऱ्या या प्रदेशाला एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या पुसावा लागला आहे: माणसाने घ्यावे तरी किती? काटकसरीचा आणि निसर्ग राखून जगण्याचा उपदेश आज सर्वत्र ऐकू येतो. त्या उपदेशाचा गाभा मात्र याच भूमीच्या इतिहासात फार पूर्वी सांगितला गेला आहे.

बाराव्या शतकाच्या मध्यास बीदर जिल्ह्यातील कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही बिज्जल राजाची राजधानी होती. तेथे महात्मा बसवेश्वरांनी दोन शब्दांना नवे मोल आणले: ‘कायक’ आणि ‘दासोह’. कायक म्हणजे निष्ठेने केलेले श्रम. दासोह म्हणजे त्या श्रमांचे फळ सर्वांसह वाटून घेणे. बसवेश्वरांभोवती जमलेल्या शरणांत मारय्या आणि लक्कम्मा हे एक गरीब जोडपे होते. जमिनीवर सांडलेले तांदूळ वेचून आणावेत, ते रांधून अतिथींना घालावेत आणि उरेल त्यात आपण जेवावे, हेच त्यांचे कायक. म्हणून ‘आयदक्की’, म्हणजे वेचलेले तांदूळ, हा शब्द त्यांच्या नावामागे कायमचा जोडला गेला.

परंपरा सांगते, की एके दिवशी मारय्याने नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले. धान्य घरात आले म्हणून कोणतीही गृहिणी हरखली असती. लक्कम्मा हरखली नाही. रोजच्याहून हे अधिक का, असे तिने पतीला विचारले आणि जास्तीचे तांदूळ होते तेथे नेऊन टाकावयास लावले. तिच्या नावाची वचने आजही कन्नड साहित्यात मानाने वाचली जातात. तिच्या लेखी गरजेपलीकडचा दाणा हा संपत्ती नव्हता. तो दुसऱ्या कोणाचा तरी घास होता. बायबलाच्या जुन्या करारातही अशीच एक कथा आहे. रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना रोज पहाटे मान्ना मिळे. तो दिवसापुरताच गोळा करावयाचा होता. ज्यांनी आज्ञा मोडून तो रात्रभर साठवून ठेवला, त्यांच्या मान्नात किडे पडले. देश वेगळे, काळ वेगळा. माप मात्र एकच.

पुढे पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशाह वली बहमनी याने राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली. १४७० च्या सुमारास आलेल्या अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याने या नगरीचा थाट पाहिला. सरदार ऐश्वर्यात लोळत आहेत आणि खेड्यातली प्रजा हलाखीत आहे, ही विसंगती त्या परक्या माणसाच्याही नजरेतून सुटली नाही. त्याच नगरीत वजीर महमूद गवान राहत होता. १४७२ मध्ये बांधून झालेला त्याचा भव्य मदरसा आजही उभा आहे. विद्येसाठी सढळ हाताने खर्च करणाऱ्या या वजिराचे स्वतःचे जेवण मातीच्या भांड्यांत शिजे आणि तो चटईवर निजे, असे फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. १४८१ मध्ये खोट्या आरोपावरून त्याचा वध झाला. मोठ्या धनाच्या आशेने त्याची तिजोरी पाहण्यात आली, तेव्हा तीत फारसे काही निघाले नाही. मिळकतीचा मोठा वाटा दानधर्मात जात होता.

या बहमनी काळाने बीदरला आणखी एक ठेवा दिला. त्याचे नाव ‘कारेझ’. शहर वसले आहे ते जांभ्या दगडाच्या पठारावर. हा दगड सच्छिद्र; पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि खालच्या काळ्या पाषाणाच्या थरावर येऊन थांबते. इराणी विद्येच्या आधाराने तेथे भूमीखाली किंचित उताराचे बोगदे खोदण्यात आले. वर ठिकठिकाणी हवेसाठी आणि गाळ उपसण्यासाठी विहिरींसारखी तोंडे ठेवली. बीदरजवळच्या नौबादचा असा बोगदा दोन किलोमीटरांहून अधिक लांब आहे. तेथे मोट नाही, पंप नाही. पाणी आपल्याच उताराने वाहत येते.

कारेझचे खरे शहाणपण तिच्या मर्यादेत आहे. बोगद्याच्या पातळीवर जेवढे पाणी साठेल तेवढेच ती देते. पाऊस उणा झाला की धारही आपोआप उणी होते, आणि त्या वर्षी जपून वापरण्यावाचून माणसाला गत्यंतर उरत नाही. खालचा साठा तिला ओरबाडता येत नाही. विंधन विहिरीचे तसे नाही. पाणी खाली गेले की तिची नळी आणखी खाली उतरते. तिला थांबा म्हणणारे कोणी नसते. इराणातही विसाव्या शतकात खोल विहिरींनी जुन्या कारेझा कोरड्या पाडल्या. बीदरची कारेझ तर विस्मृतीतच गेली होती; २०१५ च्या सुमारास तिचा गाळ उपसण्याचे काम झाले.

माप सुटले म्हणजे काय होते, हे शेजारच्या लातूरने पाहिले आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी तेथे आली. दहा टाक्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. आता दुसरी बाजू पाहावी. एका हेक्टर उसाला, पाऊस धरून, वर्षाकाठी सुमारे दोन कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे तशा चाळीस गाड्या. ज्या मांजरेच्या खोऱ्यात उसाचे मळे वाढले, त्याच खोऱ्यातील शहर घागरभर पाण्यासाठी आगगाडीची वाट पाहत होते. अवर्षण हे एक कारण खरेच. पण केवळ आभाळाला दोष देऊन भागणार नाही. साखर सर्वांच्याच चहात असते, तेव्हा हा हिशेब एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणेही न्यायाचे नव्हे.

यावर उपाय सरकारने करावेत हे योग्यच; पण लक्कम्मेने राजाज्ञेची वाट पाहिली नव्हती. तिने आपल्या उंबरठ्याच्या आत माप धरले. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारी, भांडी विसळलेले पाणी अळवाला घालणारी, शिळ्या भाकरीचा कुस्करा करणारी आजी तिचीच वंशज होय. तिला पुष्कळांनी दरिद्री मानले. वास्तविक ती हिशेबी होती. वस्तू घेण्यापूर्वी ‘परवडते का?’ असे आपण विचारतोच. त्याच्या जोडीला ‘हे कोणाच्या वाट्याचे?’ हा दुसरा प्रश्नही घरोघर विचारला जावा. कल्याणच्या त्या अंगणात जास्तीचे तांदूळ परत गेले, त्याला आठ शतकांहून अधिक काळ लोटला. संतपूरच्या शिवारातले पाणी पुढच्या पिढीस पुरेल की नाही, हे त्या जुन्या प्रश्नाला आज कोण काय उत्तर देतो, यावर अवलंबून आहे.