गोरज मुहूर्त आणि विवाहाचे छायाचित्र

गुहागर तालुक्यातील हेदवीचा किनारा पश्चिमाभिमुख असून उमामहेश्वराच्या देवळाजवळील काळ्या कातळावरून सूर्य थेट समुद्रात मावळताना दिसतो. अशा किनाऱ्यावर मावळतीच्या नैसर्गिक प्रकाशात वधूवरांची छायाचित्रे घेण्याची रीत अलीकडची होय; परंतु विवाह आणि हा प्रकाश यांचा संबंध त्याहून पुष्कळ जुना आहे. 'गोरज' या शब्दातच तो साठविलेला आहे. गाई रानातून परतताना त्यांच्या खुरांनी उडालेली धूळ, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे तो त्या वेळेचा व मुहूर्ताचा वाचक झाला.

शके १५२२ (इ. स. १६००) मध्ये काशीस रामदैवज्ञाने रचलेल्या 'मुहूर्तचिंतामणि' या ग्रंथात गोधूलीचे तीन प्रकार सांगितले आहेत. हेमंतात सूर्यबिंब पिंडासारखे दिसू लागले असता, ग्रीष्मात ते अर्धे मावळले असता आणि वर्षाकाळी ते पूर्ण मावळले असता ही वेळ धरावी, असा त्याचा आशय. येथे वेळेची खूण घटिकापात्राने नव्हे, तर दृष्टीने ठरविली आहे, ही गोष्ट लक्षणीय होय.

मात्र डोळ्यास दिसणारा हा प्रकाश आरंभीच्या छायाचित्रणास अगोचर होता. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तेथील आद्य एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी एक. त्या काळच्या ओल्या काचा निळ्या व जांभळ्या किरणांनाच संवेदनशील असत. तांबडा-नारिंगी प्रकाश त्यांवर जवळजवळ उमटत नसे. १८७३ मध्ये फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने रंगद्रव्यांच्या साहाय्याने ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग दाखविला, आणि सर्व वर्ण ग्रहण करणाऱ्या काचा १९०६ पासून इंग्लंडमध्ये विक्रीस आल्या.

यावरून जुन्या विवाहचित्रांच्या अभ्यासकाने दोन सावधगिऱ्या घेणे अवश्य ठरते. चित्रात भर दिवसाचा उजेड आहे, एवढ्यावरून विवाह दिवसा लागला असे अनुमान काढता येत नाही. चित्राची वेळ काचेने ठरविली, लग्नाची पंचांगाने. तसेच हळदीने माखलेले अंग वा पिवळी अष्टपुत्री त्या काचांवर काळपट उमटे. म्हणून चित्रातील गडद वस्त्र मुळातही गडद होते असे मानणे धोक्याचे आहे.

आज अडचण उलट दिशेची आहे. विषुवदिनाच्या सुमारास हेदवीस सूर्य क्षितिजापासून पाच अंश वर असल्यापासून पूर्ण मावळेपर्यंत सुमारे २४ मिनिटे, म्हणजे बरोबर एक घटिका लागते. लंडनच्या अक्षांशावर त्यासच सुमारे ३७ मिनिटे लागतात. एवढ्या थोड्या अवधीत वधूवरांना पश्चिमेकडे तोंड करून उभे केले तर मुद्रा उजळतात, पाठ करून उभे केले तर केवळ आकृती उरते. हे साधण्यासाठी बहुधा विवाहाहून वेगळाच दिवस योजला जातो, आणि मंगलाष्टके मात्र कार्यालयातील विजेच्या दिव्यांखाली म्हटली जातात. जुन्या चित्राने खरा गोरज मुहूर्त झाकला. नवे चित्र नसलेला गोरज मुहूर्त दाखविते. दोहोंकडे साधन म्हणून पाहताना, प्रकाश कोणाच्या सोयीचा होता, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.