संस्कृतच्या मास्तरांना कामठीचं बोलावणं

होळकरांच्या फौजेवर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालंय. आज जरा वेगळ्या फौजेबद्दल लिहितो. मनात नसताना ज्यांना खाकी वर्दी चढवावी लागली, त्या कॉलेजच्या मास्तरांबद्दल.

एनसीसी 1948 च्या कायद्याने सुरू झाली. त्याआधी 1946 मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांची समिती नेमली होती. सुरुवातीची बरीच वर्षं एनसीसी ऐच्छिक होती. 1962 मध्ये चीनशी युद्ध झालं आणि 1963 मध्ये कॉलेजच्या मुलांना ती सक्तीची केली. हुकूम दिल्लीहून निघाला, पण एवढ्या मुलांची परेड घेणार कोण? कवायत शिकवायला फौजेतले हवालदार-सुभेदार यायचे, तरी कंपनीवर अधिकारी म्हणून कॉलेजातलाच कुणी प्राध्यापक लागायचा. त्याला आधी ट्रेनिंग घेणं भाग असे, आणि ते नागपूरजवळच्या कामठीला.

आमचे नाना तेव्हा इंदूरच्या एका कॉलेजात संस्कृत शिकवत. वय एकतीस, चष्मा जाड, आणि नोकरी अजून कायम झालेली नाही. अशा याद्यांमध्ये नाव कुणाचं जातं? ज्याला नाही म्हणायची सोय नसते त्याचं. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "शास्त्रीजी, आपका नाम भेज दिया है." नाना म्हणाले, मला शाळेत पी.टी.सुद्धा जमली नव्हती. त्यावर उत्तर आलं, "वहाँ सब सिखा देंगे."

खरी अडचण पी.टी.ची नव्हती. मेघदूतातल्या माळव्यावर त्यांचा प्रबंध चालू होता. कॉलेज सुटलं की रोज संध्याकाळी ते त्यावर बसत. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो संपवायचा बेत होता. ती सुट्टी कामठीला गेली.

इंदूरहून मीटरगेजने महू, पातालपाणी, कालाकुंड करत खंडव्याला उतरायचं, तिथे मोठ्या लाइनीची गाडी पकडून भुसावळमार्गे नागपूर. सोबत ट्रंक, वळकटी आणि आईने दिलेले लाडू. कामठीची छावणी इंग्रजांच्या काळातली. ऐन मे महिन्यात, उजाडायच्या आत मैदानावर. सावधान, विश्राम, दाहिने मुड़. वर्गात विभक्त्या शिकवणारा माणूस तिथे डावा-उजवा पाय शिकत होता. बरोबर रसायनवाले, इतिहासवाले, कॉमर्सवाले, सगळ्या प्रांतांतले. पहिल्या आठवड्यात पायांना फोड, रात्री पितळी बकलांना पॉलिश. एक सुख मात्र होतं. बाजारातली "काय करून राहिले?" ही नागपुरी ऐकली की त्यांना आपल्या इंदुरी मराठीची चुलत बहीण भेटल्यासारखं वाटायचं.

कामठीहून रामटेक जवळ. कालिदासाचा रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असं नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं होतं. एका रविवारी सुट्टी मिळाली तशी नाना गाडीने तिथे गेले. आईला आलेल्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, यक्षाला वर्षाची शिक्षा होती, मला तीन महिन्यांची, आणि उज्जैनकडे निरोप न्यायला अजून ढगसुद्धा नाही. ते पत्र आमच्याकडे आहे.

नाना सेकंड लेफ्टनंट होऊन परतले. मग आठवड्यातल्या दोन संध्याकाळी परेड, वर्षाकाठी कॅम्प, आणि वर्दीच्या धुलाई भत्त्याचे हिशेब. मुलंही नाइलाजाने आलेली, अधिकारीही नाइलाजाने आलेला. हजेरी भरली की दोघेही सुटले. 1968 मध्ये सक्ती उठली. 1969 मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, एनएसएस सुरू झाली आणि मुलांना दुसरी वाट मिळाली. नानांनीही वर्दी उतरवली. पण तोवर त्यांचे मार्गदर्शक निवृत्त झाले होते. प्रबंध चौथ्या प्रकरणावर थांबला तो थांबलाच.

नानांनी याबद्दल कधी कडवटपणे बोललेलं मी ऐकलं नाही. लढाई नुकतीच झाली होती, काहीतरी करायला हवं असं त्यांनाही वाटायचं. त्यांचं म्हणणं एवढंच, की मला विचारलं असतं तर जखमी जवानांची पत्रं लिहून दिली असती, खेड्यात जाऊन शिकवलं असतं. जे मला येतं ते मागायला हवं होतं. एनसीसीच्या त्या काळाबद्दल लिहिताना लोक कॅडेटांची संख्या सांगतात. मास्तरांच्या किती संध्याकाळी त्यात गेल्या, ते कुठेच लिहिलेलं नाही.

ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, हैदराबादच्या मंडळींनो, तुमच्याही घरात कामठीला जाऊन आलेले कुणी काका-मामा असतील. त्यांचे फोटो, पत्रं असतील तर इथे जरूर टाका.