परवान्यावाचून

निवडणूक जाहीर झाली, की कोकणातल्या पोलीस ठाण्यांपुढे एक निराळीच रांग दिसू लागते. बहुतेक माणसे उतारवयाची. धोतराच्या किंवा पायजम्याच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले परवान्याचे पुस्तक, आणि खांद्यावर बंदूक. कोणाला घाबरवण्याचा तिचा अवतार नसतो. बहुधा ती आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक असते, पीक राखण्यासाठी दिलेल्या परवान्यावरची. मतदान होईपर्यंत ती ठाण्यात जमा करावयाची आणि मग पावती दाखवून परत आणावयाची, असा शिरस्ता आहे.

रांग हलत नाही आणि गप्पा थांबत नाहीत. पावसाळी हवेत दारू सर्दावते आणि ऐन डुक्कर समोर आले असता घोडा नुसता 'टक्' करून बसतो, अशी एकाची तक्रार. दुसऱ्याचा जीव काडतुसाच्या भावावर. मग आतल्या बिनतारी संचाची खरखर ऐकून कोणाला 2020 सालचे 'निसर्ग' वादळ आठवते. तारा तुटल्या, मोबाइल मुके झाले. अशा वेळी घरात पेट्रीवरचा एक जुना रेडिओ असावा हे बरे, यावर एकमत होते. आणि शेवटी गाडी येते ती कोर्टावर. बांधाचा दावा आजाने लावला, बापाने चालवला आणि आता तारखा मी खातो आहे, असे सांगणारा एक तरी त्या रांगेत असतोच.

बंदूक, बिनतारी आणि न्याय! वरवर पाहता या तिहींचा एकमेकांशी काय संबंध? पण वाचकहो, आपल्या देशात जवळजवळ पाऊण शतक या तिन्ही वस्तूंच्या किल्ल्या एकाच खुंटीला टांगलेल्या होत्या, आणि ती खुंटी सरकारची होती. 1942 नंतरच्या तीन-चार वर्षांत मुंबईच्या आणि साताऱ्याच्या काही माणसांनी त्या किल्ल्या न विचारता उचलल्या. त्यांची ही हकीकत आहे.

बंदुकीपासून सुरुवात करू. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी हत्यारे गोळा करण्याचा सपाटा लावला, हे आपण शाळेत शिकलो. परंतु त्याला कायमचा कायदेशीर आकार आला तो 1878 साली, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत. त्या वर्षी या व्हाइसरॉयसाहेबांनी दोन कायदे केले. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांना वेसण घालणारा एक, आणि हत्यारांचा दुसरा. एकाने तोंड बांधले, दुसऱ्याने हात. हा तो काळ, की दख्खनेत नुकताच भीषण दुष्काळ होऊन गेला होता, आणि पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना हाताशी धरून बंड उभारले. लिटनच्या पाठोपाठ आलेल्या रिपनने वृत्तपत्रांचा कायदा रद्द केला. हत्यारांचा कायदा मात्र जागचा हलला नाही.

त्या कायद्यातली खरी बोच परवान्यात नव्हती. बंदुकीला परवाना असावा, यात गैर काय? बोच होती ती सवलतीत. युरोपियन माणसाला परवाना लागत नसे. हिंदी माणसाला लागे. एकाच रानात, एकाच वाघाच्या मागावर निघालेल्या दोघांपैकी एकाला कातडीच्या रंगावर बंदूक मिळे आणि दुसऱ्याला कलेक्टरच्या मर्जीवर. कुर्गच्या कोडवांना तेवढी सरकारने त्यांच्या राजनिष्ठेबद्दल सूट दिली होती, आणि गंमत अशी, की ती सूट स्वातंत्र्यानंतरही चालत आली. काँग्रेसच्या 1887 च्या मद्रासच्या अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव झाला. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीसुद्धा 1918 साली खेड्यापाड्यांतून सैन्यभरती करताना, साऱ्या राष्ट्राला नि:शस्त्र करणारा हा कायदा म्हणजे इंग्रजी राज्याचे सर्वांत काळे कृत्य होय, अशा अर्थाचे लिहिले आहे. वर्णभेदाची ती सवलत 1920 च्या सुमारास गेली, परवाना राहिला.

बिनतारीची गोष्टही त्याच वळणाची. 1933 च्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला. हौसेने संदेश पाठवणाऱ्या मंडळींना परवाने मिळत. पण 1939 साली महायुद्ध पेटताच ते सारे रद्द झाले आणि यंत्रे सरकारजमा करण्याचा हुकूम सुटला. ठाण्यापुढची बंदुकांची रांग आठवा. फरक इतकाच, की त्या वेळी यंत्र परत मिळण्याची पावती नव्हती.

आता 1942 च्या ऑगस्टात या. 8 तारखेला गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि 9 च्या पहाटे पुढारी गजाआड गेले. वृत्तपत्रांवर बंधने पडली. नभोवाणी सरकारची; तिच्यावरून जे कळे ते सरकारला कळवावेसे वाटे तेवढेच. अशा वेळी मुंबईतल्या काही तरुणांनी ठरवले, की आपलीच नभोवाणी काढावयाची. त्यांत बावीस वर्षांची एक सडपातळ मुलगी होती, उषा मेहता. सोबत बाबुभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी. यंत्र जुळवणारा होता नरिमन प्रिंटर, परवाना गमावलेल्या हौशी मंडळींपैकीच एक. ध्वनिवर्धकांच्या धंद्यातले शिकागो रेडिओचे नानक मोटवाणी यांच्याकडून सामानाची मदत होई. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन हे भूमिगत राहून मजकूर पुरवीत.

ऑगस्ट संपता संपता 42.34 मीटरवर आवाज उमटला. हा काँग्रेस रेडिओ आहे, आणि हिंदुस्थानात कोठूनतरी बोलत आहे! हे 'कोठूनतरी' म्हणजे चौपाटी, गिरगाव, महालक्ष्मी या भागांतली घरे. जागा सतत बदलावी लागे, कारण लहरींचा माग काढणाऱ्या गाड्या शहरभर फिरत. सरकारी ऑल इंडिया रेडिओला ही मंडळी 'अँटी इंडिया रेडिओ' म्हणत. विदर्भातील चिमूर येथे 16 ऑगस्टला जे घडले ते, आणि त्यानंतर फौजेने गावातल्या बायाबापड्यांवर जो अत्याचार केला तो, छापण्याची सोय नव्हती. ती बातमी या रेडिओने जगाला ऐकवली. चिमूरच्या चौकशीसाठी पुढे प्राध्यापक भन्साळींनी त्रेसष्ट दिवसांचा उपवास केला. ज्याची दाद कोर्टात लागण्याचा संभव नाही, त्याची निदान वाच्यता तरी व्हावी, एवढेच या खोलीभर यंत्राचे काम होते, आणि ते लहान नव्हते.

तीन महिन्यांच्या आतच, 12 नोव्हेंबरला, सारे संपले. फितूर झाला तो स्वतः नरिमन प्रिंटर. पोलिसांनी पकडल्यावर त्याने जागा दाखवली. दारे फोडून पोलीस आत शिरले तेव्हा 'वंदे मातरम्'ची तबकडी चालू होती, आणि ती बंद करण्यास उषाबेनने नकार दिला. पुढे माफीचा साक्षीदार होऊन प्रिंटरने साक्ष दिली. खास न्यायालयात उषाबेनने एकच प्रश्न विचारला म्हणतात: उत्तरे देणे मला बंधनकारक आहे काय? नाही, असे कळताच ती अखेरपर्यंत गप्प राहिली. रोज रात्री देशाशी बोललेल्या मुलीचे हे मौन मला त्या साऱ्या प्रक्षेपणांहून मोठे वाटते. बाबुभाईंना पाच वर्षे, तिला चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्ष अशी शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाणी सुटले. आणि दैवाचा खेळ पाहा: त्या रेडिओवर काय बोलले गेले हे आज आपल्याला कळते, ते बरेचसे सरकारच्याच टिपणांवरून. ऐकून टिपून घेणारे सरकारी नोकर हेच त्याचे सर्वांत नेमाचे श्रोते होते!

इकडे सातारा जिल्ह्यात (त्या वेळी आजचा सांगली जिल्हाही त्यातच होता) गोष्टीने निराळे वळण घेतले. 1942 च्या सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूर येथल्या कचेऱ्यांवर निःशस्त्र मोर्चे गेले. वडूजला आणि इस्लामपूरला गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे पडली. त्यानंतर भूमिगत झालेल्यांच्या मनाने घेतले, की नुसते मोर्चे पुरे झाले. क्रांतिसिंह नाना पाटील हे त्यांचे दैवत. एके काळचे तलाठी, म्हणजे सरकारी दप्तराची आतली वीण ठाऊक असलेला माणूस. किसन वीर, कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथ नायकवडी ही पुढची फळी. कुंडलला तूफान सेना उभी राहिली. तिच्या हाती आधी काठ्याच होत्या. बंदुकीला परवाना कोण देणार?

मग बंदुका आणल्या कशा? काही पोलिसांच्याच घेतल्या. भवानीनगरच्या ठाण्यापुढे एक 'नवरा' आपल्या 'बायको'ला मारझोड करू लागला. मारामारी इतकी हातघाईवर आली, की पोलीस सोडवण्यास बाहेर धावले, आणि तेवढ्यात साथीदारांनी आतली हत्यारे उचलली. मार खाणारी ती तरुणी म्हणजे नाना पाटलांची कन्या हौसाताई. मार काही नाटकी नव्हता, अशी तक्रार त्या नव्वदी उलटल्यावरही हसत हसत करीत. काही हत्यारे पोर्तुगिजांच्या गोव्यातून येत. ती आणताना बाळ जोशी नावाचा कार्यकर्ता तिकडे पकडला गेला, तेव्हा 1944 साली याच हौसाताई बहीण म्हणून तुरुंगात भेटीला गेल्या, अंबाड्यात दडवलेली चिठ्ठी त्याला दिली, आणि परतताना लाकडी पेटीच्या आधाराने त्यांनी रात्री मांडवी ओलांडली. पोहता येत नसताना!

पैशाची तजवीजही अशीच झाली. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडवली, आणि 14 एप्रिल 1944 ला थेट खानदेशात, चिमठाण्याजवळ, सरकारी खजिन्याचे साडेपाच लाखांच्या आसपास रुपये काढून घेतले.

पण हे सारे ऐकताना आपण शौर्यावर इतके लुब्ध होतो, की मुख्य गोष्ट निसटते. दहा-वीस बंदुकांनी इंग्रजी फौजेपुढे साडेतीन वर्षे टिकाव धरला नसता. टिकाव लागला तो न्यायाने. गावोगाव न्यायदान मंडळे बसली. सावकाराने गिळलेली जमीन, नांदवीत नसलेली सून, भाऊबंदकीचा बांध असे दावे त्यांच्यापुढे येत. वकील नाही, तिकीट नाही, तारीख नाही. वादी-प्रतिवादी दोघेही गावातले, साक्षीदार गावातले, आणि निवाडा गावासमोर. तालुक्याला खेटे घालून पायताण झिजलेल्या कुणब्याला हे नवल वाटले. बारा आणे, रुपयात लग्न लागणारे 'गांधी-विवाह' झाले, दारूचे गुत्ते उठले, आणि बायकांकडे वाकड्या नजरेने पाहणाऱ्यांना गावात फिरणे अवघड झाले. माहेरी टाकलेल्या किती लेकी यामुळे पुन्हा सासरी मानाने गेल्या असतील! म्हणूनच नाना पाटलांच्या डोक्यावर इनाम लागूनही त्यांचा ठावठिकाणा कोणी सांगितला नाही. इंग्रजांना ते अखेरपर्यंत सापडले नाहीत.

याची दुसरीही बाजू आहे, आणि ती सणाच्या दिवशीही झाकून ठेवू नये. 'प्रति सरकार'चे लोकांनी 'पत्री सरकार' केले ते उगीच नव्हे. गुन्हेगाराच्या तळपायांवर काठ्या बसत, याला पत्री लावणे म्हणत. घोड्यासारखे नाल ठोकतात, ही वदंता सरकारनेही पसरवली आणि मंडळींनीही फारशी खोडली नाही. भीती उपयोगी पडत होती ना! दरोडेखोर आणि खबरे यांना तर मरणाचीही शिक्षा झाली. त्यांतले बहुतेक खरोखर दोषी असतील. पण एखादा नुसत्या भाऊबंदकीतून खबऱ्या ठरवला गेला असेल, तर त्याने दाद मागावयाची कोठे? परवान्यावाचून उचललेल्या तिन्ही वस्तूंत, माझ्या मते, न्याय हीच हाताळण्यास सर्वांत अवघड वस्तू होती. बंदुकीचा बार चुकला तर पुन्हा ठासता येते. यंत्र पकडले गेले तर दुसरे जुळवता येते. चुकलेल्या निवाड्याला अपील नव्हते. आणि प्रति सरकारचे नाव सांगून लुटणारे भामटेही निघाले. त्यांना आवरण्यात मूळ मंडळींची बरीच शक्ती खर्ची पडली. जाणत्या पुढाऱ्यांना हे कळत होते. न्यायाचे काम उघड्यावर, गावकऱ्यांच्या देखत व्हावे याचा आग्रह त्यातूनच आला. जेथे तो पाळला गेला तेथे लोक आजही आदराने बोलतात. जेथे काठी निवाड्याच्या पुढे धावली, तेथे दोन पिढ्या एकमेकांच्या घरचे पाणी प्यालेल्या नाहीत.

1946 च्या फेब्रुवारीत, स्वातंत्र्य दाराशी आलेले असताना, शिराळ्याकडच्या मणदूरच्या रानात पोलिसांशी चकमक झाली. तीत किसन अहिर आणि आझाद हिंद सेनेतून आलेले नानकसिंग पडले. नागनाथअण्णांनी पुढे वाळव्याला उभारलेला साखर कारखाना हुतात्मा किसन अहिरांच्याच नावाचा आहे. त्याच वर्षी एप्रिलात मुंबईत बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ पुन्हा आले, वॉरंटे मागे घेतली गेली, आणि नाना पाटील उघडपणे लोकांत आले. उषाबेन त्या वर्षी येरवड्याहून सुटल्या. पुढे त्यांनी मुंबईत प्राध्यापकी केली आणि 2000 सालच्या ऑगस्टात त्या गेल्या. लिटनच्या कायद्याची जागा 1959 च्या आपल्या कायद्याने घेतली.

न्यायदान मंडळांची बैठक मात्र मोडली ती मोडलीच. नवे सरकार आपले म्हटल्यावर त्यांची गरज नाही, असे सर्वांनाच वाटले. राहिलेले दावे घेऊन माणसे तालुक्याच्या कोर्टात गेली, आणि तेथे त्यांना पुढची तारीख मिळाली.