रक्तपेशींची ढाल

यवतमाळ जिल्ह्यांतील एखाद्या तरुणाची सकाळची लघवी काळसर होऊं लागली, चेहरा फिका पडला आणि चार पावलें चालतांना धाप लागूं लागली, तर वैद्याच्या मनांत प्रथम हिवताप येतो. कोलाम, गोंड, प्रधान आदि समाजांत आढळणारा सिकल पेशींचा आनुवंशिक विकारही येतो. दोन्ही संशय रास्त होत. परंतु क्वचित् तिसरेंच कारण असतें, आणि तें नेमकें हुडकण्याचें साधन हातीं येण्यास शास्त्राला शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

१८८२ सालीं जर्मनींतील ग्राइफ्सवाल्ड येथील पॉल स्ट्र्यूबिंग यांनीं गाड्या घडविणाऱ्या एका कारागिराची हकीकत लिहिली. रात्रीच्या झोपेनंतर त्याची लघवी रक्तवर्ण होई. तांबड्या पेशी मूत्रपिंडांत नव्हे, तर वाहत्या रक्तांतच फुटतात, हें स्ट्र्यूबिंग यांनीं ओळखलें. फोडणारा कोण, हें मात्र गूढच राहिलें.

पुढें रक्तद्रवांत जंतूंचा नाश करणारें, पण उष्णतेनें निकामी होणारें एक द्रव्य आढळलें. बेल्जियमचे ज्यूल बोर्दे यांनीं दाखविलें कीं, प्रतिपिंड शत्रूला ओळखतो आणि हें ‘पूरक’ द्रव्य त्याचा नाश करतें. त्यांस १९१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पूरक हें वस्तुतः अनेक प्रथिनांची साखळी आहे. तिच्या शेवटच्या कड्या एकत्र येऊन पेशीच्या आवरणास भोंक पाडतात. १९३७ मध्यें अमेरिकेंतील टॉमस हेल हॅम यांनीं किंचित् आम्ल केलेल्या रक्तद्रवांत अशा रोग्याच्या पेशी घातल्या. त्या फुटल्या, निरोगी पेशी शाबूत राहिल्या. दोन वर्षांनीं हें पूरकाचेंच कृत्य असल्याचें हॅम व डिंगल यांनीं दाखविलें. आतां प्रश्न उलटा झाला: निरोगी पेशींना वाचवितो कोण?

त्याचें उत्तर देणारें साधन १९७५ मध्यें केंब्रिजला निर्माण झालें. कोलर व मिलस्टाइन यांनीं प्रतिपिंड करणारी पेशी आणि अखंड वाढणारी कर्कपेशी यांचा संयोग केला. त्या वंशांतून एकाच जातीचा प्रतिपिंड हवा तितका मिळूं लागला. हा एकवंशीय प्रतिपिंड हजारों रेणूंच्या गर्दींतून एकच रेणू अचूक धरतो.

१९८९ च्या सुमारास केंब्रिजच्याच संशोधकांनीं अशा प्रतिपिंडाच्या साह्यानें पेशींवरील सी-डी ५९ हें लहानसें प्रथिन अलग केलें. प्रतिपिंडानें तें झांकून टाकतांच पेशी पूरकाला सहज बळी पडूं लागल्या. ढाल काढून घेतली आणि योद्धा पडला. ढाल कोणती, हें त्यावरूनच कळलें. साखळीची शेवटची कडी जुळूं न देणें, हें या प्रथिनाचें काम. १९९० मध्यें केवळ हेंच प्रथिन नसलेल्या एका जपानी तरुणाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यालाही हाच रोग होता. १९९३ मध्यें ओसाकाच्या किनोशिता यांच्या गटानें मूळ दोष दाखविला: सामान्यतः या रोगांत ढाल पेशीवर टांगणारी खुंटीच तयार होत नाहीं.

या इतिहासांत महाराष्ट्राचाही वाटा आहे. मुंबईंत १९५२ मध्यें भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं ‘बॉम्बे’ रक्तगट शोधला. १९५७ मध्यें तेथें रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन झालें. तीच आजची परळची राष्ट्रीय रक्तप्रतिरक्षाशास्त्र संस्था. पुढें पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रांत काम करणारे अरविंद साहू यांनीं अमेरिकेंत लॅम्ब्रिस यांच्यासमवेत पूरकाला अडविणारा एक लहान रेणू शोधून १९९६ मध्यें प्रसिद्ध केला. त्याच घराण्यांतील औषधाला २०२१ मध्यें या रोगासाठीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. त्यापूर्वीं २००७ मध्यें मान्य झालेलें पहिलें औषध स्वतःच एक एकवंशीय प्रतिपिंड होतें.

आज निदानासाठीं रंगीत प्रतिपिंड रक्तांत मिसळतात. ज्या पेशी रंग घेत नाहींत, त्या ढालीवांचून उघड्या आहेत असें यंत्र सांगतें. असें यंत्र प्रत्येक तालुक्याच्या गांवीं असत नाहीं. तेथून रक्ताचा नमुना दूर धाडावा लागतो. पण तो धाडण्यासाठीं तिसरा संशय वैद्याच्या मनांत यावा लागतो. तो न आल्यास रक्त शिरांत गोठून प्राणावर बेतूं शकतें. शंभर वर्षांच्या खटपटीचें फळ त्या तरुणाच्या पदरीं पडणें, हें शेवटीं या एका संशयावर अवलंबून आहे.