सैनिकांचा घाणा : छोट्या फौजा रंगवणाऱ्या हातांची गोष्ट

आजचा विषय आहे इंचभर उंचीचे सैनिक. दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्याहूनही लहान. ऑर्क, गॉब्लिन, एल्फ, ढाल-तलवार घेतलेले सांगाडे. टेबलावर काल्पनिक लढाया खेळणारी मंडळी अशा पुतळ्यांच्या फौजा जमवतात आणि स्वतःच्या हातानं रंगवतात. डब्यातून पुतळे येतात ते करड्या प्लॅस्टिकचे, कोरे. एका पलटणीला वीस लागतात. ती झाली की दुसरी, मग घोडेस्वार, मग तोफा. फौज वाढत जाते, आणि न रंगवलेला ढीग तिच्याहून वेगानं वाढतो.

यावर या मंडळींचा ठरलेला उपाय म्हणजे बॅच पेंटिंग. आपल्याकडे चकल्यांचा घाणा काढतात ना, तसा सैनिकांचा घाणा. एक पुतळा पूर्ण करून दुसरा हातात घ्यायचा नाही. वीसच्या वीस ओळीनं मांडायचे, सगळ्यांची कातडी हिरवी करायची, मग सगळ्यांचे पट्टे तपकिरी, मग सगळ्यांच्या तलवारी. हिशेब सोपा आहे. समजा आठ रंग आहेत आणि वीस पुतळे. एकेक करत गेलात तर बाटली उघडणं, ब्रश धुणं, हे 160 वेळा. घाण्यानं काढलेत तर आठ वेळा.

ही युक्ती कुणा हौशी माणसाला एखाद्या रविवारी सुचली असेल असं वाटतं. पण ती त्याच्या फार आधीची आहे, आणि हौसेतून तर मुळीच आलेली नाही. ती आली पोटासाठी केलेल्या कामातून.

त्यासाठी अठराव्या शतकातल्या जर्मनीत जावं लागेल. न्यूरेंबर्ग हे खेळण्यांचं शहर. तिथं 1770च्या दशकात योहान गॉटफ्रीड हिल्पर्ट या कारागिरानं कथलाचे चपटे सैनिक ओतायला सुरुवात केली. पुढे 1839 मध्ये एर्न्स्ट हाइनरिक्सन यानं त्याच शहरात कारखाना काढला आणि सैनिकाची उंची साधारण 30 मिलीमीटरवर आणून ठेवली. उंची ठरली म्हणजे काय झालं, तर आज घेतलेला डबा पुढच्या वर्षीच्या डब्याशी जुळायला लागला. वाढत जाणाऱ्या फौजेची सोय झाली ती तिथं. हे सैनिक वजनावर विकले जायचे, वाण्याकडच्या डाळीसारखे.

धातू ओतणं साच्यानं भराभर होई. रंगाला मात्र साचा नव्हता. प्रत्येक टोपी, प्रत्येक बटण हातानंच रंगवावं लागे. मग कोरे सैनिक घरोघरी वाटले जात. रंगवायच्या त्या बहुतांशी बायका, आणि त्यांच्या जोडीला पोरं. मजुरी नगावर. आता नगावर मजुरी म्हटल्यावर प्रत्येक पुतळ्यासाठी ब्रश धुत बसणं कुणाला परवडणार? एक रंग सगळ्यांना लावायचा, शेवटच्याला लागेपर्यंत पहिला वाळत आलेला असतो, मग पुढचा रंग. घाणा जन्मला तो असा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

हीच गोष्ट पुढे लंडनमध्ये घडली. 1893 मध्ये विल्यम ब्रिटनच्या कुटुंबानं पोकळ ओतीव सैनिक बाजारात आणले. वितळलेलं शिसं साच्यात घालायचं, बाहेरचा थर गोठला की आतलं उरलेलं परत ओतून काढायचं. धातू वाचला, वजन घटलं, किंमत उतरली. जर्मन मालाला टक्कर देणारा स्वस्त इंग्लिश सैनिक तयार झाला. पण बघा, धातू वाचला तरी रंगाची मेहनत काही वाचली नाही. ती पुन्हा बायकांच्याच हातात गेली, काहींच्या कारखान्यात तर काहींच्या घरात.

यात आपल्याकडचाही एक धागा आहे बरं का. ब्रिटन्सच्या जुन्या यादीत फर्स्ट बॉम्बे लान्सर्स आणि बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री यांचे संच होते. म्हणजे मुंबई इलाख्याच्या पलटणी लंडनमध्ये शिशात ओतल्या जात होत्या. चेहऱ्यांसाठी गुलाबीऐवजी तपकिरी रंगाचं भांडं घ्यायचं, एवढाच फरक. ज्यांनी मुंबई कधी पाहिली नाही अशा बायका डझनावारी तपकिरी चेहरे रंगवत होत्या. साहेबाच्या पोराला साम्राज्य एका डब्यात मिळत होतं. त्या डब्यावर कंपनीचं नाव असे, पलटणीचं नाव असे. चेहरे रंगवणारीचं नाव कुठंच नसे.

1913 मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ हे खेळाचं पुस्तक लिहिलं आणि असे सैनिक जमिनीवर मांडून मोठी माणसं लढाया खेळू लागली. पण तोवर सैनिक रंगवून आलेलेच असत. हौशी माणसाच्या हातात ब्रश आला तो मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या जॅक स्क्रबीसारख्या लोकांनी रबरी साचे वापरून स्वस्तात कोरे सैनिक ओतायला घेतले. इंग्लंडमध्ये 1959 पासून एअरफिक्सच्या प्लॅस्टिक सैनिकांचे डबे आले. कोरा सैनिक स्वस्त का? कारण रंगवण्याची मजुरी किमतीतून गेली. ती मजुरी आता गिऱ्हाईक स्वतः करणार होतं, रात्री जेवण झाल्यावर, फुकट. आणि त्याला छंद म्हणणार होतं.

मंडळी, मला या इतिहासातलं हे वळण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. काम तेच, रीत तीच, टेबलही घरातलंच. एकीकडे नग मोजून पोट भरणारी बाई, दुसरीकडे नग मोजून फौज भरणारा हौशी माणूस. बदलली ती एकच गोष्ट: थांबायचं कधी, हे आता रंगवणारा ठरवत होता.

इथून पुढची गोष्ट काल्पनिक फौजांची. 1971 मध्ये अमेरिकेत ‘चेनमेल’ या मध्ययुगीन लढायांच्या नियमावलीला जादूगार आणि राक्षसांची पुरवणी जोडली गेली. 1979 मध्ये इंग्लंडात ब्रायन अ‍ॅन्सेल आणि गेम्स वर्कशॉप यांनी मिळून सिटाडेल मिनिएचर्स काढली, आणि 1983 मध्ये ‘वॉरहॅमर’ आलं, अ‍ॅन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली यांचं. या खेळात पलटणी रांगा करून, चौकोनी तळांवर उभ्या राहतात. पाच-सहा वीरांवर भागत नाही, संख्या लागते. म्हणजे घाणा आलाच.

पण इथं एक नवी अडचण होती. नेपोलियनच्या शिपायाचा कोट कुठल्या रंगाचा, हे पुस्तकात सापडतं. गॉब्लिनच्या कोटाचा रंग कोण सांगणार? तो ज्यानं त्यानं ठरवायचा. आणि एकदा ठरवला की वहीत टिपून ठेवायचा, नाहीतर दोन वर्षांनी काढलेला घाणा आधीच्या घाण्याशी जुळत नाही. चकलीच्या भाजणीसारखंच आहे हे, प्रमाण चुकलं की चव बदलली.

रंगाचंही ऐका. जुने एनॅमल रंग वाळायला तासन् तास घेत. म्हणून घाणा मोठा, आज सगळी फौज लाल, उद्या सगळी निळी. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग रुळले आणि पातळ थर काही मिनिटांत वाळू लागला. आता दहा पुतळ्यांचा घाणाही पुरतो, दहावा होईपर्यंत पहिला तयार. 2019 मध्ये सिटाडेलनं कॉन्ट्रास्ट नावाचे रंग आणले. फिकट अस्तरावर एकच हात द्यायचा, खोलगट भागात रंग साचून सावली पडते, उंचवट्यावर उजेड राहतो. तीन पायऱ्यांचं काम एका पायरीत. रंगांच्या बाजारात असं बरंच काही या एका प्रश्नाभोवती फिरतं: ढीग संपणार कधी?

ज्यांना घाई होती त्यांच्यासाठी दुसरी वाटही निघाली. 2000 मध्ये आलेल्या ‘मेज नाइट’ या खेळाचे पुतळे रंगवूनच मिळत. ते रंगवले जात चीनमधल्या कारखान्यांत, हातानंच. श्रीलंकेतही परदेशी गिऱ्हाइकांच्या फौजा रंगवून देणाऱ्या कार्यशाळा चालतात. म्हणजे न्यूरेंबर्गचं ते स्वयंपाकघर बंद झालंच नाही, फक्त पूर्वेला सरकलं. आणि त्या पुतळ्यांवरही रंगवणाऱ्याचं नाव नाही.

मग घरी बसून वीस गॉब्लिनांचे चाळीस डोळे रंगवणाऱ्यानं काय करावं? मला वाटतं, त्यानं खुशाल रंगवावेत. बाराव्या पट्ट्याला कंटाळा येतो, हात आखडतो, मान दुखते. हे त्या कंटाळ्याचं सगळ्यात लहान आणि सगळ्यात सुखाचं रूप आहे, कारण उठून चहा करायला कुणाची परवानगी लागत नाही. पण जुन्या बाजारात कधी जुना शिशाचा सैनिक हाती आला, तर त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघा. डोळे म्हणून दोन ठिपके असतात, आणि एखादा ठिपका जरासा घसरलेला. तो बहुधा घाण्याच्या शेवटी शेवटी पडलेला असतो. त्या हाताला तेव्हा थांबता आलं नव्हतं.

आज इथंच थांबू. तुमच्या घरी अर्धवट रंगवलेली फौज पडून असेल, तर तिचा रंग कसा ठरवलात ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.